मोज्यांतली चांदी, गाळातली चांदी

घामाचा वास येऊ नये म्हणून काही मोज्यांत चांदीचे नॅनोकण घातलेले असतात. 2008 साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात संशोधकांनी असे मोजे नुसत्या शुद्ध पाण्यात घुसळले, तरी त्यातल्या काहींमधून चांदी पाण्यात उतरली. पुढे सांडपाण्यात तिचा गंधकाशी संयोग होतो आणि बरीचशी गाळात बसते. तिथे एकूण चांदी किती एवढं कळून भागत नाही. कण केवढे, कोणत्या रूपात, हेही हवं. एकेक कण टिपणारं यंत्र पाण्यात चालतं, गाळात मात्र अडखळतं. हाच गाळ खत म्हणून शेतात जातो. अपाय किती, हा वाद नंतरचा. आधी मोजता यायला हवं असं आम्हाला वाटतं, म्हणून या अंकाचा भर मोजणीवर आहे. सांडपाणी केंद्रात, प्रयोगशाळेत किंवा गाळखत वापरणाऱ्या शेतात तुमचा याच्याशी संबंध येत असेल, तर आम्हाला जरूर लिहा.