रत्नागिरीचा संघ दोनदा विजेता, पण रत्नागिरीत एकही सामना नाही. आयर्लंडमध्ये मात्र सीझन तिकिटं का संपतात?

रत्नागिरी जेट्स हा महाराष्ट्र प्रीमियर लीगचा, म्हणजे एमपीएलचा, पहिला विजेता संघ. २०२३ मध्ये अंतिम सामना पावसाने धुऊन नेला आणि साखळीत अव्वल राहिलेल्या जेट्सला विजेतं घोषित करण्यात आलं. २०२४ मध्ये अंतिम फेरीत नाशिकला हरवून त्यांनी विजेतेपद राखलं. अझीम काझीच्या नेतृत्वाखालच्या या संघामुळे 'रत्नागिरी' हे नाव दोन वर्षं राज्यभरातल्या क्रिकेटप्रेमींच्या मोबाईलवर झळकत होतं.

पण एखाद्या रत्नागिरीकराला आपला संघ मैदानात बसून बघायचा असेल, तर घाट चढून सुमारे ३०० किलोमीटरवरच्या गहुंजेला जावं लागतं. २०२३ ते २०२५ या तिन्ही हंगामांचे सामने पुण्याजवळच्या याच एका स्टेडियमवर झाले. संघ रत्नागिरीचा, मैदान मावळातलं.

याच काळात उलटं चित्र दिसलं ते आयर्लंडमध्ये. जेमतेम अर्ध्या कोटीहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या या देशात स्थानिक फुटबॉल लीगला आजवर कुणी फारसं विचारत नव्हतं. आता तिथल्या काही क्लबांची सीझन तिकिटं हंगाम सुरू होण्याआधीच संपतात. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी डब्लिनमध्ये बोहेमियन्स आणि शॅमरॉक रोव्हर्स यांच्यातल्या लीग सामन्याला ३३,२०८ प्रेक्षक आले. आयरिश लीगच्या सामन्यासाठी हा विक्रम आहे.

या दोन गोष्टींची तुलना का करायची? कारण रत्नागिरीत खेळाची आवड कमी आहे, असं कुणीच म्हणणार नाही. मग आवड आणि गर्दी यांच्यामध्ये नेमकं काय आडवं येतं, हे आयर्लंडच्या अनुभवातून बरंच स्पष्ट होतं.

सीझन तिकीट म्हणजे काय?

लोकलचा किंवा एसटीचा पास असतो, तसाच हा सामन्यांचा पास. हंगामातल्या सगळ्या घरच्या सामन्यांचे पैसे एकदम आणि आगाऊ भरायचे. प्रत्येक वेळी रांगेत उभं राहायला नको आणि एकेक तिकीट काढण्यापेक्षा स्वस्तही पडतं.

क्लबला याचा फायदा दुहेरी असतो. एक तर हंगामापूर्वीच हातात रोख रक्कम येते. त्यावरून खेळाडूंचे करार करता येतात, भाडी भरता येतात. दुसरं म्हणजे पास काढलेला माणूस संघ हरत असतानाही येतो, पैसे आधीच गेलेले असतात ना! पाऊस असो, थंडी असो, शुक्रवारी संध्याकाळी तो नेहमीच्या जागेवर बसतो. हळूहळू शेजारच्या खुर्चीवरच्याशी ओळख होते, मग पोराला घेऊन येतो. गर्दी वाढते ती अशी, सवयीने.

पण या सगळ्याला एक अट आहे. 'घरचे सामने' असायला हवेत. रत्नागिरी जेट्सचं सीझन तिकीट उद्या कुणी काढलं, तर ते पुण्यातल्या प्रेक्षकाच्याच कामाचं.

आयर्लंडमध्ये काय बदललं?

आयरिश फुटबॉलची मोठी अडचण म्हणजे शेजारी असलेलं इंग्लंड. लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल हे संघ आयरिश घराघरात आपले मानले जातात. शनिवार-रविवारी टीव्हीवर जगातलं सर्वात चकचकीत फुटबॉल दिसत असताना गल्लीतल्या क्लबच्या गळक्या स्टँडमध्ये जाऊन कोण बसणार? त्यात गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या देशी खेळांचा दबदबा. भरीस भर म्हणून २०१९ मध्ये आयरिश फुटबॉल संघटनाच आर्थिक घोटाळ्यात दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली आणि सरकारला मदतीला धावावं लागलं. म्हणजे गर्दी वाढली ती संघटनेच्या कर्तबगारीमुळे, असं म्हणायला फारसा वाव नाही.

वेळापत्रकाचा निर्णय मात्र महत्त्वाचा ठरला. २००३ पासून आयरिश लीग हिवाळ्याऐवजी साधारण फेब्रुवारी-मार्च ते नोव्हेंबर अशी खेळवली जाते. चिखल आणि गारठ्याचे महिने बरेचसे टळले. उन्हाळ्यात इंग्लिश लीग बंद असते, तेव्हा यांचं फुटबॉल भरात असतं. बहुतेक सामने शुक्रवारी रात्री होतात, त्यामुळे शनिवार-रविवारच्या टीव्हीशी टक्करच नाही. हवामान आणि स्पर्धा या दोन्हींकडे बघून कॅलेंडर हलवलं गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण रत्नागिरीची गाडी नेमकी इथेच अडते.

दुसरी गोष्ट मालकीची. १८९० मध्ये स्थापन झालेला बोहेमियन्स हा क्लब पूर्णपणे सभासदांच्या मालकीचा आहे. आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखा, वार्षिक सभेत हात वर करणारा सभासद. त्यांच्या डॅलिमाउंट पार्क या जुन्या मैदानात जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास लोक मावतात. जागा कमी म्हणून तिकिटाला मागणी जास्त, आणि मागणी जास्त म्हणून पास काढण्याची घाई. करोनाच्या काळात दारं बंद राहिल्यावर लोकांना एकत्र जमण्याची जी भूक लागली होती, तिचाही यात वाटा आहेच.

मैदान गमावलेला विजेता

रत्नागिरीच्या दृष्टीने सर्वात बोलकी कहाणी शॅमरॉक रोव्हर्सची आहे. १९८४ ते १९८७ अशी सलग चार वर्षं या संघाने आयरिश लीग जिंकली. मैदानावर त्यांना तोड नव्हती. आणि १९८७ मध्येच मालकांनी मिल्टाउन भागातलं मैदान विकायला काढलं. संघ डब्लिनमध्येच दुसऱ्या क्लबच्या मैदानावर हलवला. चाहत्यांनी निदर्शनं केली आणि नव्या जागी होणाऱ्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. मिल्टाउनच्या जागी पुढे घरं उभी राहिली.

त्यानंतर तब्बल २२ वर्षं रोव्हर्स बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत राहिले. आज या मैदानावर, उद्या त्या. १९९४ मध्ये पुन्हा लीग जिंकली तरी घर मिळालं नाही. २००५ मध्ये क्लब कर्जात बुडाला आणि इतिहासात पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत ढकलला गेला. तेव्हा दरमहा वर्गणी काढणाऱ्या चाहत्यांच्या गटाने क्लब ताब्यात घेतला. टाला या उपनगरातलं अर्धवट पडलेलं स्टेडियम अखेर तिथल्या स्थानिक परिषदेने पूर्ण केलं, आणि २००९ मध्ये रोव्हर्सला हक्काचं मैदान मिळालं. मालकी परिषदेची, वापर क्लबचा.

पुढचं चित्र सर्वांसमोर आहे. एकेक करत चारही बाजूंना स्टँड उभे राहिले, क्षमता दहा हजारांच्या पुढे गेली. २०२० ते २०२३ पुन्हा सलग चार विजेतेपदं मिळाली. क्लबची निम्मी मालकी आजही सभासदांकडे आहे. विजेतेपदं १९८७ मध्येही होती, तरी ती प्रेक्षकांना धरून ठेवू शकली नव्हती.

मग रत्नागिरीचं घोडं कुठे अडलं?

पहिलं कारण आभाळातलं. एमपीएल जून महिन्याच्या आसपास होते, कारण त्याआधी आयपीएल असते आणि राज्य लीगला तेवढीच फट मिळते. कोकणात मात्र जून म्हणजे मृग आणि धो-धो पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा जून-जुलैमध्ये. या दिवसांत तिथे भाताची लावणी होते, क्रिकेट नाही. घाटमाथ्यापलीकडच्या गहुंजेतही २०२३ चा अंतिम सामना पाण्यात गेला, तर रत्नागिरीची काय कथा.

दुसरं कारण खर्चाचं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रक्षेपणाचे कॅमेरे, प्रकाशझोत, खेळाडूंची हॉटेलं हे सगळं एकाच जागी ठेवलं की लीग स्वस्तात पडते. टीव्हीच्या दर्जाचे दिवे आणि खेळपट्ट्या असलेलं मैदान जिल्ह्याच्या गावी सहजी मिळत नाही. म्हणूनच प्रो कबड्डीतही शहरांची संख्या कमी होत गेली. २०२४ च्या हंगामातले सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच ठिकाणी झाले. 'यू मुंबा' नावाच्या संघाचा त्या वर्षी मुंबईत एकही सामना नव्हता.

तिसरं कारण अधिक खोलवरचं आहे. रत्नागिरी जेट्सची मालकी जेटसिंथेसिस या पुण्याच्या डिजिटल कंपनीकडे आहे. नावातलं 'जेट्स' तिथलंच. खेळाडू लिलावातून येतात, उत्पन्न प्रायोजक आणि प्रक्षेपणाभोवती फिरतं. समजा, रत्नागिरीत तीन हजार लोकांनी प्रत्येकी ५०० रुपयांचा पास काढला. जमले १५ लाख रुपये. व्यावसायिक लीगच्या खर्चात ही रक्कम किरकोळच. आयर्लंडमध्ये टीव्हीचा पैसा इतका तुटपुंजा आहे की दारावरचं तिकीट हाच क्लबचा श्वास असतो. तिथल्या क्लबला प्रेक्षक नसेल तर कुलूप लागेल. रत्नागिरी जेट्सला रत्नागिरीकर नसले तरी काही बिघडत नाही. ज्याच्यावाचून आपलं अडतं, त्याच्यासाठीच माणूस खुर्ची, सावली आणि शौचालयाची सोय करतो. यात मालकांचा दोष काढण्यासारखं काही नाही, लीगची रचनाच तशी आहे. पण या रचनेत शहराचं नाव जर्सीवर येतं आणि शहर मात्र घरी बसून पडद्याकडे बघतं.

घाटाच्या वर, कोल्हापुरात

रत्नागिरीहून आंबा घाट चढला की १३० किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे शाहू स्टेडियमवर स्थानिक फुटबॉलला हजारोंची गर्दी होते. लिलाव नाही, परदेशातला मालक नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम ही संघांची नावंच सांगतात की हे पेठांचे संघ आहेत. कुस्तीच्या तालमींभोवती जमलेली पोरं फुटबॉल खेळू लागली आणि पेठेची अस्मिता चेंडूमागे धावू लागली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या या लीगला प्रेक्षक तिकीट काढून येतात, पेठेप्रमाणे घोळक्याने बसतात आणि पराभव आठवडाभर उगाळतात.

या प्रेमाला दुसरी बाजूही आहे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे तिथे सामने थांबवण्याची वेळ आलेली आहे, आणि महिला-मुलांना घेऊन स्टेडियमवर जायला अनेक घरं कचरतात. आयर्लंडच्या क्लबांनी कुटुंबांसाठी वेगळे पास आणि मुलांना स्वस्त तिकिटं दिली, त्यातून प्रेक्षकांचा चेहरामोहरा बदलला. कोल्हापूरला उचलण्यासारखं काही असेल, तर ते हे.

रत्नागिरीतही असा प्रेक्षक आहेच. दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत कोकणात वाड्यावाड्यांवर रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धा भरतात. हॅलोजनचे दिवे, कर्ण्यावरून चालणारं समालोचन, कडेला वडापावच्या गाड्या, सुट्टीला आलेले चाकरमानी आणि युट्यूबवर थेट प्रक्षेपण. मध्यरात्र उलटली तरी माणसं हलत नाहीत. कारण खेळणारा पोरगा कुणाचा, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. या प्रेक्षकाला क्रिकेट शिकवायची गरज नाही. त्याच्यापर्यंत 'रत्नागिरी' नावाचा संघ यायला हवा.

करता काय येईल?

तमिळनाडूचं उदाहरण जवळचं आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या तमिळनाडू प्रीमियर लीगने सामने चेन्नईत कोंडून ठेवले नाहीत. दिंडीगुल, तिरुनेलवेली, सेलम, कोइंबतूर अशा ठिकाणी, प्रसंगी कॉलेजच्या मैदानावरही, ते खेळवले गेले. अर्थात तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबरनंतर येतो, त्यामुळे जून-जुलै त्यांना मोकळा मिळतो. कोकणाला ती सोय नाही.

म्हणून अख्खी लीग रत्नागिरीला न्या, ही मागणी व्यवहार्य ठरत नाही. पण संघ वर्षातून फक्त जूनमध्येच अस्तित्वात असावा, असाही नियम नाही. राज्याचे खेळाडू रणजी आणि इतर स्पर्धांमध्ये गुंतलेले असतात तरी जानेवारी ते मे या काळात एखादा आठवडा काढून रत्नागिरी, चिपळूण किंवा दापोलीत प्रदर्शनीय सामने, मुलांसाठी शिबिर आणि स्थानिक वाडी संघांशी लढत ठेवता येते. टीव्हीचे कॅमेरे नसले तरी चालतील. खर्च कमी, आणि दारावर नाममात्र तिकीट लावलं तर किती जण पैसे मोजून येतात हेही कळेल. आज कुणाकडेच हा आकडा नाही, कारण तिकीट विकायला रत्नागिरीत खिडकीच उघडलेली नाही.

मैदानाचा प्रश्न त्यानंतरचा. टाला स्टेडियम स्थानिक परिषदेने बांधलं ते रोव्हर्सचे चाहते २२ वर्षं भाड्याच्या मैदानांवर हजेरी लावत राहिले म्हणून. परिषदेला प्रेक्षक डोळ्यांनी दिसत होता. रत्नागिरीत नगर परिषद, जिल्हा क्रिकेट संघटना किंवा राज्य संघटना यांच्याकडे दिवे आणि स्टँडसाठी निधी मागायला जाणाऱ्याच्या हातात सध्या दोन विजेतेपदं आहेत, पण एकाही सामन्याच्या तिकीटविक्रीची नोंद नाही.