धूर आमच्या वस्तीला, थांबा दुसऱ्यांना

'पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, चळवळीने त्यात वेळ घालवू नये,' असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. धूर कुणाच्या छातीत जातो हा प्रश्न जातीचा असतो, वर्णाचाही असतो. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराची फेअरमाउंट लाइन हेच सांगते.

सुमारे १५ किलोमीटरची ही उपनगरी रेल्वे डॉर्चेस्टर, मॅटापॅन, हाइड पार्क या भागांतून जाते. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कष्टकऱ्यांची इथे मोठी वस्ती आहे. १९४४ मध्ये बंद पडलेली प्रवासी वाहतूक १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाली. मुख्य कारण इथल्या लोकांची गरज हे नव्हते. दुसऱ्या मार्गाचे बांधकाम निघाले म्हणून तिकडच्या गाड्या इकडे वळवल्या गेल्या. थांबे मोजकेच ठेवले. उपनगरातल्या नोकरदारांच्या गाड्या वस्तीतून धडधडत जात, आणि वस्तीतला माणूस बसची वाट पाहत उभा राही.

या गाड्या ओढतात डिझेल इंजिने. बॉस्टनच्या उपनगरी ताफ्यात १९८० च्या दशकात बांधलेली इंजिनेही आहेत. रेल्वे इंजिनांच्या धुरावर अमेरिकेने पहिले देशव्यापी नियम केले ते १९९८ मध्ये, म्हणजे ही इंजिने रुळांवर आल्यानंतर. डब्यांतले दिवे आणि एसी इंजिनावरच चालतात, म्हणून गाडी उभी असतानाही डिझेल जळत राहते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा दम्याचा त्रास जास्त आहे. सगळा दोष या इंजिनांचा नाही. पण महामार्ग, ट्रक, कारखाना आणि इंजिन यांचा धूर नेहमी त्याच वस्त्यांत साचावा, हा योगायोग कसा मानायचा?

तिथल्या संघटना गप्प बसल्या नाहीत. 'आधी गाडी मागा, धुराचे नंतर बघू' हा सल्ला त्यांनी ऐकला नाही. थांबे, भाडे, फेऱ्या आणि स्वच्छ हवा या सगळ्यांसाठी त्या वर्षानुवर्षे लढल्या. २०१२ ते २०१९ या काळात चार नवी स्थानके उघडली. भाडे मेट्रोइतके झाले. २०२४ मध्ये या मार्गावर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आणण्याचा निर्णय झाला. २०२८ पासून त्या दर २० मिनिटांनी धावतील, असे आश्वासन आहे. आश्वासन म्हणजे गाडी नव्हे, म्हणून लढा संपलेला नाही.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जोडले होते. ते नाते नुसते जयंतीच्या भाषणात सांगून भागणार नाही. देवनारच्या कचराभूमीचा धूर गोवंडीतली माणसे किती वर्षे गिळत आहेत! आपल्या शहरात कोणता प्रकल्प कुणाच्या दारात येतो, त्याचा लाभ कुणाला आणि धूर कुणाला, याचा हिशेब आपणच मागायला हवा. तरुण मित्रांनो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, जनसुनावणीला जा, वस्तीतल्या दम्याच्या रुग्णांची नोंद ठेवा. आरक्षणाच्या आणि शिष्यवृत्तीच्या लढ्याइतकेच हेही चळवळीचे काम आहे.

जय भीम!