हॉर्न वाजला, पण ऐकू आला का? मांस-मासळी प्रक्रिया कारखान्यांतील वाहनांचा धोका समजून घ्या

एडवण ते सातपाटी या पालघरच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी बर्फात भरून टेम्पोने पुढे जाते. याच गावांतून पालघर आणि बोईसरकडे कामाला जाणारेही कमी नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीत सुरक्षेचा विषय निघाला की स्फोट, आग, वायुगळती आठवते. ते साहजिकच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये येथील एका औषध कारखान्यात वायुगळतीने ४ कामगारांचा जीव गेला. मात्र मांस किंवा मासळीवर प्रक्रिया होते तिथे एक रोजचा धोका चाकांवर फिरतो. तो म्हणजे मागे येणारा ट्रक आणि माल उचलणारी फोर्कलिफ्ट.

फोर्कलिफ्ट इतकी धोकादायक का?

अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच साधारण साडेतीन ते चार टन असते. तिची मागची चाके वळतात, त्यामुळे वळताना मागचा भाग झपकन बाहेर येतो. ताशी १० किमी हा वेग कमी वाटतो. पण चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी जवळपास २.८ मीटर पुढे गेलेली असते.

या कारखान्यांत वेगळे काय?

फरशी पाणी आणि चरबीने निसरडी असते. गोठवलेला माल उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात. तिथले दार उघडले की धुके पसरते आणि प्लास्टिकच्या पडद्यापलीकडचे दिसत नाही. कामगाराच्या कानावर टोपी, शेजारी कॉम्प्रेसरचा आवाज. अशा ठिकाणी हॉर्नवर किती भरवसा ठेवायचा?

मग उपाय काय?

- माणसांची आणि वाहनांची वाट वेगळी हवी. नुसता पिवळा पट्टा नको, मध्ये कठडा हवा.
- आवारात एकेरी वाहतूक ठेवावी, म्हणजे गाडी मागे घेण्याची वेळ कमी येते. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा नियामकानुसार, कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश मृत्यू गाडी मागे घेताना होतात.
- माल चढत-उतरत असताना ट्रकची चावी डॉकवर जमा करावी आणि चाकांना अडण लावावी.
- फोर्कलिफ्ट प्रशिक्षित चालकानेच चालवावी. ती उलटू लागली तर उडी मारू नये. पट्टा लावून सीटवरच राहावे.

कायदा काय सांगतो?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याची जबाबदारी तिने मालकावर टाकली आहे. अपघातात मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास, दंडाची किमान ५० टक्के रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. राज्यात कारखान्यांच्या तपासणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

खरा प्रश्न

अपघात झाला की चालकाची चूक शोधली जाते. पण ट्रक लवकर सोडायची घाई चालकाची एकट्याची नसते, आणि आवाराचा नकाशाही त्याने काढलेला नसतो. बाहेरून आलेल्या ट्रकचा क्लीनर आणि काल रुजू झालेला कंत्राटी कामगार यांना तो नकाशा कुणी दाखवतच नाही. 'लक्ष ठेवा' अशी पाटी लावायला खर्च येत नाही, कठडा उभारायला येतो. कारखान्यांनी आधी कठडा उभारावा आणि तपासणीला येणाऱ्यांनीही आधी तोच पाहावा.