सैनिकाच्या घरातले मौन आणि मुलांचा प्रश्न

१/ आपले वडील नेमके कसे मरण पावले, हे गर्ट्रूड हॅरिस या ब्रिटिश महिलेला चाळिशीच्या सुमारास समजले. तोवर त्यांना एवढेच ठाऊक होते की ते पहिल्या महायुद्धात गेले. सैनिकांच्या घरांतील मौनाचा इतिहास सांगणारा आणि त्या मौनाविरुद्ध मत मांडणारा हा धागा.

२/ वडिलांचे नाव हॅरी फार. वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे शिपाई. १९१५ मध्ये 'शेल शॉक'मुळे ते सुमारे पाच महिने रुग्णालयात होते. हात इतके थरथरत, की पत्नीला धाडायची पत्रे परिचारिका लिहून देई. पुढे त्यांना पुन्हा आघाडीवर पाठवण्यात आले.

३/ सप्टेंबर १९१६. सोमची लढाई चालू असताना त्यांनी आघाडीच्या खंदकाकडे जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयात त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. भेकडपणाच्या आरोपाखाली १६ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे २५. घरी तीन वर्षांची मुलगी.

४/ पत्नीला पेन्शन नाकारण्यात आले. लोकलज्जेपायी तिने ही गोष्ट मुलीपासूनही दडवली. तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्या व्यवस्थेने आजाराला भेकडपणा म्हटले, तिनेच त्या माउलीच्या तोंडाला कुलूप घातले होते.

५/ या कुलपाचा शब्दांशी निकटचा संबंध आहे. 'शेल शॉक' ही संज्ञा १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मधील लेखातून वैद्यकीय चर्चेत आणली. १९१७ मध्ये मात्र ब्रिटिश लष्कराने तिच्या वापरावर बंधने घातली. रुग्णाच्या कागदावर 'मज्जाविकार, निदान अद्याप नाही' अशा अर्थाची नोंद होऊ लागली. आजार होता, नाव तेवढे काढून घेतले गेले.

६/ १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, अधिकृतपणे मान्य केला. २००६ मध्ये ब्रिटनने फार यांच्यासह ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली. त्यासाठी लढा देणाऱ्या गर्ट्रूड तेव्हा ९३ वर्षांच्या होत्या.

७/ हा प्रश्न केवळ विलायतेचा नव्हे. फार रुग्णालयात होते त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला. तीत मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या या सैन्याने शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातील पायपीट आणि कैद.

८/ त्या महायुद्धाच्या स्मारकशिला आजही आपल्या गावांत दिसतात. गावातून किती गेले आणि किती कामी आले, हे आकडे त्यांवर कोरलेले असतात. परत आलेल्यांच्या मनाचे काय झाले, यासाठी त्या शिलेवर रकाना नाही. बहुधा घरातही नव्हता.

९/ माझे मत स्पष्ट आहे : 'मूल लहान आहे, त्याला कशाला सांगायचे?' हा युक्तिवाद मुलाचे रक्षण करत नाही. रात्री दचकून उठणारे, क्षुल्लक कारणावरून संतापणारे, घरात असूनही दूर वाटणारे वडील मुलाला दिसतातच. कारण कोणी सांगितले नाही, तर ते स्वतःच शोधते. आणि लहान मूल बहुधा स्वतःलाच दोषी धरते.

१०/ सांगायचे म्हणजे रणांगणाचे वर्णन करायचे नव्हे. "बाबांनी फार कठीण प्रसंग पाहिले. त्यामुळे त्यांचे मन दुखावले आहे. हा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. डॉक्टर उपचार करत आहेत. तुला काहीही विचारावेसे वाटले, तर मला विचार." सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. वाढत्या वयाबरोबर उत्तरेही वाढावीत. मात्र वडिलांना सांभाळण्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर टाकू नये.

११/ 'याने सैनिकाच्या शौर्याला उणेपणा येतो' असे काहींना वाटते. पायात गोळी लागल्याचे आपण मुलांना अभिमानाने सांगतो; मग मनाला झालेली जखम कुजबुजत का सांगावी? अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट'च्या निर्मात्यांनी २००६ पासून सैनिकांच्या चिमुकल्यांसाठी साहित्य तयार केले, आणि पुढे अदृश्य जखमांविषयीही बोलायला घेतले.

१२/ आपल्याकडेही दार उघडले आहे. १४४१६ ही 'टेली-मानस' सेवा आहे. सशस्त्र दलांसाठी तिचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. पण दूरध्वनी उचलण्यापूर्वी घरात शब्द उच्चारला जावा लागतो. शासनाला चूक मान्य करायला ९० वर्षे लागली. घराला एवढा वेळ नसतो. मुले त्याआधीच मोठी होतात.

(धागा समाप्त. ओळखीच्या सैनिक-कुटुंबापर्यंत अवश्य पोहोचवावा.)