‘निर्मनुष्य’ किनाऱ्यावरची माणसे

एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे गेल्या डिसेंबरात शिरोड्यास गेलो होतो. निमित्त वाङ्मयीन होते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात याच गावी शिक्षक होते, आणि जयवंत दळवींचे आरवली तर शेजारीच. संध्याकाळी वेळागरच्या सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो आणि मुलांना एक पानभर वर्णन लिहावयास सांगितले. बावीसपैकी एकोणीस पानांत ‘निर्मनुष्य’ हा शब्द होता. उरलेल्यांत ‘अस्पर्शित’.

आमच्यापासून दीडदोनशे पावलांवर त्या वेळी रापण ओढली जात होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून सोडलेल्या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणलेले, आणि दोन रांगांतली माणसे पाठीमागे रेलून ते पावलापावलाने खेचत होती. म्हातारी माणसे होती, बायका होत्या. हे सर्वांनी पाहिले, छायाचित्रेही काढली. लिहिले मात्र कोणीच नाही.

दोष मुलांचा नव्हे. ही भाषा त्यांना आम्हीच दिली. महाविद्यालयाच्या नियतकालिकात पूर्वी आम्ही याच किनाऱ्यावर एक लेख लिहिला होता. परतल्यावर काढून पाहिला. ‘मानवी स्पर्शापासून दूर’ ही शब्दयोजना आमचीच! (ती तेव्हा फार आवडलीही होती.) ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, तिथल्या वाळूला आम्ही मानवी स्पर्शच नाकारला होता.

एकांताची ओढ खोटी आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. शहरातून आलेल्या माणसाला लाटांखेरीज काही ऐकू न येणे हे सुख आहे, आणि ललित गद्याला त्याचा हक्क आहे. आक्षेप आहे तो एकांत आणि रिकामेपण यांची गल्लत करण्याला. ‘रिकामी’ जागा कोणाचीच नसते, म्हणून ती कोणालाही देता येते. याच वेळागरच्या जमिनींवर पंचतारांकित हॉटेल यावयाचे म्हणून ग्रामस्थांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. प्रवासवर्णनाने जमिनी जात नाहीत, हे खरे. पण तिथे कोणी राहत नाही असे वाचकाच्या मनात आधी कोण रुजवते?

शिवाय वाङ्मयीन तोटाही आहेच. रापणीत मासळीचे वाटे कसे पडतात, जाळे कोणाचे, होडी कोणाची, नुसता दोर ओढणाऱ्याच्या पदरात काय पडते, पर्ससीनच्या जाळ्यांनी रापणकाराचे काय झाले, यांतले काहीही आमच्या सूर्यास्तांत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही वही घेऊन उभे असता दोराच्या टोकाशी असलेला म्हातारा आम्हांला म्हणाला होता, “काय बघतास? हात लावा!” आम्ही हसलो आणि बाजूला सरलो.

मुलांना ती पाने पुन्हा लिहावयास दिली आहेत. आमचा लेखही आम्ही लिहावयास घेतला आहे; तो पहिल्याच वाक्याशी अडला आहे.