खाडीतली माशी कोण मोजणार?

कांदळवन तोडायची परवानगी मागणाऱ्या एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल उघडून बघा. झाडांची यादी असते, पक्ष्यांची असते, मासे-खेकडेही असतात. किड्यांच्या नावाखाली बहुतेकदा चार फुलपाखरं आणि दोन चतुर. माश्या? त्या कोण मोजतंय!

मोजायला पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

डोलिकोपोडिडी नावाचं माश्यांचं एक कुळ आहे. नावाचा अर्थच 'लांब पायांच्या'. बागेत पानावर उंच पायांवर उभी राहिलेली, हिरवीगार धातूसारखी चमकणारी बारीक माशी दिसते ना, ती याच कुळातली. मावा, फुलकिडे, चिलटं अशी मऊ अंगाची शिकार ती खाते. यातल्या पुष्कळ जातींच्या अळ्या ओल्या मातीत नि चिखलात वाढतात. जगभरात या कुळातल्या ७ हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. उष्ण कटिबंधात बिननावाच्या अजून कितीतरी आहेत.

सिंगापूरचं उदाहरण घ्या. मुंबईपेक्षा थोडंसंच मोठं, तिथेही जमिनीला सोन्याचा भाव. तरी तिथे कांदळवनात सापळे लावून वर्षानुवर्षं कीटक गोळा केले. २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या अधिवासांतले सुमारे १ लाख ४० हजार कीटक डीएनएवरून तपासले, तर आठ हजारांहून जास्त जाती निघाल्या. कांदळवनात झाडांच्या जाती मोजक्याच, पण कीटकांच्या हजारो. त्यातल्या बऱ्याचशा बाकीच्या जंगलांत सापडल्याच नाहीत.

आता कुणी म्हणेल, डीएनए आहे ना, मग माणूस कशाला? डीएनए ढीग वेगळे करून देतो, नाव देत नाही. लांब पायांच्या माश्यांत जवळच्या जातींच्या माद्या ओळखणं फार अवघड. नराच्या पायांवरचे केस, मिशा, पंखांच्या शिरा आणि पोटाखाली दुमडलेलं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. जुन्या जातींचे मूळ नमुने परदेशी संग्रहालयांत असतात, त्यांच्याशी ताडून बघावं लागतं. मग चित्रं, वर्णन, नाव आणि एक नमुना कायमचा जपून ठेवायचा. सिंगापूरच्या या माश्यांसाठी बेल्जियमच्या पॅट्रिक ग्रूटार्ट यांच्यासारखा या कुळात मुरलेला माणूस लागला. असा माणूस दोन वर्षांच्या कंत्राटावर तयार होत नाही.

आपल्याकडे यंत्रणा नाही असं नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून आहे, तिचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. नवी जात सापडली तर तिचा नमुना सरकारमान्य संग्रहात जमा करायचा, असं त्यात लिहिलंय. राज्याचा कांदळवन कक्षही आहे. पण माश्यांवर आयुष्य घालवू बघणाऱ्या पोराला किंवा पोरीला कायमची नोकरी कोण देणार? ती नसेल तर कायदा, संग्रह सगळं जागेवर आणि नमुने बाटलीत पडून!

"मग काय, एका माशीसाठी रस्ता अडवायचा?" हा प्रश्न येणारच. नाही हो. रस्ता करायचा की नाही हे सगळी माहिती समोर ठेवून ठरवा, एवढंच म्हणणं आहे. इथली झाडं तोडली तरी दुसरीकडे तेवढीच लावू, म्हणजे भरपाई झाली, असं सांगितलं जातं. झाडांची भरपाई एकवेळ मोजता येईल. पण भरती-ओहोटीच्या चिखलात काय होतं तेच माहीत नसेल, तर भरपाई झाली हे कशावरून ठरवणार?

म्हणून मागणी साधी आहे. खाडीतल्या मोठ्या प्रकल्पाआधी निदान एक वर्ष, पावसाळा धरून, कीटकांचे नमुने गोळा करा आणि सार्वजनिक संग्रहात ठेवा. खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून. आणि ते ओळखणाऱ्यांची पदं भरा, कायमची.

पुढच्या जनसुनावणीला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: "कीटक कोणी मोजले आणि नमुने कुठे ठेवलेत?" उत्तर आलं नाही, तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.