पदक मोडण्याआधी कड वाचा

मराठवाड्यातल्या ताडकळसात आमच्या पणजोबांना सगळे ‘पलटणवाले’ म्हणत. पहिल्या महायुद्धात ते समुद्रापार गेले, परत येऊन निमूट ज्वारी पेरत राहिले. घरात उरलंय एक चांदीचं पदक. कडेवर शिपाई क्रमांक, नाव, पलटण, निम्मं झिजलेलं. पणजोबा नसताना पणजीने एकटीने शेत ओढलं, असं आजी सांगायची. तिला कोण पदक देणार?

हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेची, छावणी होती. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली, तिच्या पायदळ पलटणींपासून १९२२ मध्ये १९वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ मध्ये तीच कुमाऊँ रेजिमेंट झाली. म्हणजे मराठवाड्यातल्या शिपायाचा माग काढायला आता कुमाऊँ रेजिमेंटचं केंद्र असलेलं राणीखेत गाठायचं!

पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गावनिहाय नोंदी लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या, त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. आपल्याकडे निजामाचा, इंग्रजांचा चाकर म्हणून असा माणूस अडगळीत गेला. हे मला पटत नाही. पगारासाठी गेलेला शेतकरीही गावाच्या इतिहासात बसतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने गावोगावच्या अशा नावांची यादी करावी. आणि तुमच्या घरात पदक असेल, तर सोनाराकडे नेण्याआधी कड वाचा, फोटो काढून ठेवा.